आईच्या बोलीचा कोड

रविवारी चर्चमध्ये, म्हणजे आमच्या देवळात, मिस्सेच्या प्रार्थनेत बायबलमधलं पहिलं वाचन करायला आई उभी राहिली की मुलंसुद्धा चुळबुळ थांबवायची. वसईत पापडीजवळच्या एका मराठी शाळेत तिने सगळी नोकरी काढली होती. निम्मं देऊळ तिच्या हाताखाली बाराखडी शिकलेलं. निवृत्त झाली तरी तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच राहिला होता.

त्या रविवारी ‘संदेष्टा’ हा शब्द तिच्या तोंडून नीट निघाला नाही. ती थांबली, पुन्हा म्हणाली, पुन्हा तसाच लोळागोळा होऊन बाहेर पडला. मग तो शब्द तिथेच सोडून ती पुढे गेली. घरी येताना मी विचारलं तेव्हा म्हणाली, “दाढ दुखतेय. बोलताना जीभ लागते.”

दाढ दुखत नव्हती. पुढच्या काही महिन्यांत ‘र’ गेला, मग ‘ट’ आणि ‘ड’ एकसारखे ऐकू यायला लागले. फोनवर अनोळखी माणसं तिला विचारायची, “आजी, बरं नाही का?” आधी वसईतल्या डॉक्टरांकडे गेलो, मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला जीभ बाहेर काढायला सांगितली आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिल्या. जिभेवर बारीक बारीक लाटा उठत होत्या, पाण्याखाली मासे फिरावेत तशा. आजार नसांचा होता. आधी बोलणं जाईल, मग गिळणं, मग श्वास, असं त्यांनी आईसमोरच सांगितलं, कारण आईनेच तसं मागितलं होतं. औषधाने थोडा वेळ मिळतो, आजार थांबत नाही.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “निदान डोकं शाबूत राहणार.” तिचं ते वाक्य मला दोनदा विचारावं लागलं.

मी सॉफ्टवेअर लिहिते. एका कंपनीत नोकरी आहे, आठवड्यातले बरेचसे दिवस घरूनच काम. वडील जाऊन खूप वर्षं झाली, भाऊबहीण नाही, लग्न केलं नाही. म्हणून आई आणि मी, आणि अधूनमधून येणारी मावशी, एवढंच आमचं घर होतं. आईचं बोलणं कुणालाच कळेनासं झालं तेव्हा तिने आधी शाळेतली पाटी काढली. पण हातही थकायला लागले होते. मग मी तिला टॅब आणून दिला आणि त्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवला.

तो प्रोग्रॅम मी एका ओपन सोर्स लायब्ररीवर उभा केला होता. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा साठा. जगभरातल्या लोकांनी फावल्या वेळात मिळून लिहिलेला; कुणीही फुकट घ्यावा, उघडून वाचावा, हवा तसा बदलावा. या लायब्ररीला बऱ्याच भाषा बोलता येत होत्या, त्यांत मराठीही होती. बाईचा आवाज, थोडा पत्र्यासारखा, पण स्पष्ट. आईने पहिल्यांदा टाईप केलं, “आज भाजीला काय आहे?” आणि टॅब ते बोलला. आई हसली. कितीतरी दिवसांनी तिला कुणीतरी एका दमात समजलं होतं.

डॉक्टरांशी, बँकेत, घरी येणाऱ्या फादरांशी ती टॅबवरून बोलायला लागली. फादर प्रार्थना करून निघाले की टॅबमधली बाई म्हणायची, “सावकाश जा, पुढे रस्ता खोदलाय.”

पण मावशी आली की आई टॅब उलटा करून ठेवायची.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिचं सासरही दोघींच्या माहेरच्याच गावात, खाडीकडच्या भातशेतीच्या पट्ट्यात. नवरा गेल्यापासून ती एकटी राहत होती. दर आठवड्याला रिक्षा बदलत यायची, पिशवीत अळूची पानं, वालाच्या शेंगा, कधी घरची केळी. आईला ‘बाय’ म्हणायची. आधी दोघींचं बोलणं तासन्‌तास चालायचं. आता मावशी बोलायची आणि आई हाताने खुणा करायची, घशातून आवाज काढायची, नाहीतर वहीच्या कागदावर वेडंवाकडं लिहायची. मावशीला लिहिलेलं वाचायला वेळ लागायचा. बरेचदा ती न वाचताच “हो, हो” म्हणायची.

मी आईला विचारलं, “मावशीशी टॅबवर का नाही बोलत?”

आईने टॅब सरळ केला आणि टाईप केलं. टॅब बोलला, “ही बाई शाळेतली आहे. घरातली नाही.”

मला लगेच कळलं. आमच्या गावची बोली वेगळी आहे. तिच्यात ‘ण’ नाही, पाण्याला ‘पानी’ म्हणतात. ‘च’च्या जागी ‘स’ येतो, चारला ‘सार’. आणि ‘स’च्या जागी ‘ह’, म्हणून सकाळची ‘हकाळ’ होते. आईने ही बोली आणि पुस्तकातलं मराठी आयुष्यभर दोन वेगळ्या खणांत ठेवलं होतं. शाळेच्या फाटकापाशी ती एक बंद करायची आणि दुसरं उघडायची. पण वर्गात कुणी ‘पानी’ म्हटलं म्हणून तिने कधी कुणाला हसू दिलं नाही. “घरी पानी प्यायचं, वहीत पाणी लिहायचं,” असं ती सांगायची. “दोन्हीने तहान भागते.” मावशीशी मात्र ती जन्मात कधी पुस्तकातलं बोलली नव्हती. मला ती बोली समजते, पण मी बोलते ती मोडकीतोडकी. म्हणून घरच्या बोलीतलं बोलणं मी इथे सगळ्यांच्या मराठीत देते आहे. जिथे शब्दच महत्त्वाचा आहे तिथे तेवढा तसाच ठेवते.

त्यानंतर एक प्रसंग घडला. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पुढचं विचारलं होतं. श्वास अपुरा पडायला लागेल तेव्हा घशाला भोक पाडून मशीन लावता येईल. माणूस जगतो, पण मशीनला बांधलेला. लावायचं की नाही हे ऐन वेळी नाही, आधी ठरवलेलं बरं. आईने तिथेच टाईप केलं होतं, नको. पण मावशीला हे सांगायचं राहिलं होतं, आणि आईला ते स्वतःच सांगायचं होतं.

मावशी पुढच्या वेळी आली, व्हरांड्यात शेंगा सोलत बसली. आईने त्या दिवशी टॅब समोर घेतला. टॅबमधली बाई म्हणाली, “मला श्वासाचं मशीन नको. मी घरातच मरणार.”

मावशीने शेंग खाली ठेवली. टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे कोन बोललं?” तिने विचारलं.

“आईच बोलली, मावशी. तिनेच लिहिलंय.”

“हे बाय बोलली नाही,” मावशी म्हणाली. “बाय असं बोलत नाही. तुम्ही डॉक्टरच्या नादाने काहीतरी भरलंय यात.” आणि ती उठून मागच्या दारी गेली. आईने मान हलवली, छातीवर हात ठेवून ‘मी, मी’ असं दाखवलं, पण मावशी पाहायला थांबलीच नव्हती. जाताना ती मला म्हणाली, “मशीन लागलं तर लावायचं. पैशाचं मी बघते, शेत विकते. पण असलं काही मला ऐकवू नको.”

आईने त्या दिवशी पुन्हा टॅब हातात घेतला नाही.

मी लायब्ररीचा कोड उघडला तो त्या आठवड्यात. तोपर्यंत मी ती नुसती वापरली होती, आत डोकावले नव्हते. आतली रचना समजायला सोपी निघाली. आधी लिहिलेलं वाक्य घ्यायचं, त्यातल्या अक्षरांचे उच्चार ठरवायचे, मग त्या उच्चारांचा आवाज करायचा. मला आवाजाला हात लावायचा नव्हता. फक्त अक्षरं आणि उच्चार यांच्या मध्ये घुसायचं होतं. आई नेहमीसारखं पुस्तकातलं मराठी टाईप करील, कारण तिच्या बोटांना तेच वळण होतं, आणि माझा कोड ते घरच्या बोलीत वळवून पुढे पाठवील. पडद्यावर एक बटण असेल, शाळा आणि घर.

मराठीच्या उच्चारांची फाईल शोधून मी थेट तिच्यातच माझे नियम लिहिले. ण असेल तिथे न. च असेल तिथे स. स असेल तिथे ह. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लिहून झाले. आईला बोलावलं, तिने ‘चार’ टाईप केलं, बटण दाबलं.

टॅब म्हणाला, “हार.”

आईने माझ्याकडे पाहिलं आणि शाळेतल्यासारखी भुवई उचलली. झालं होतं असं की पहिल्या नियमाने ‘चार’चा ‘सार’ केला आणि लगेच पुढच्या नियमाने त्या ‘सार’चा ‘हार’ केला. माणसाच्या तोंडात हे कधी होत नाही. नियमांची उलटापालट केली असती तर तो एक शब्द सुटला असता, पण मला तेवढ्यावर विसंबायचं नव्हतं. पुढे आणखी नियम येणार होते आणि प्रत्येक वेळी कोण कुणाच्या आधी हे सांभाळत बसावं लागलं असतं. शेवटी मी ते सगळं खोडून नव्याने लिहिलं. शब्द डावीकडून उजवीकडे एकदाच वाचायचा, प्रत्येक अक्षर ठरवताना मूळ शब्दाकडे पाहायचं, आणि बदललेलं अक्षर वेगळ्या ठिकाणी लिहायचं. एकदा बदललेल्याला पुन्हा शिवायचं नाही. मग ‘चार’चा ‘सार’ झाला आणि ‘सात’चा ‘हात’.

एवढ्याने भागलं नाही. बोली नियमांनी बांधलेली असते तशी सवयींनीही. कुठला च बदलतो आणि कुठला तसाच राहतो, कुठे शेवटचा स्वर लांबतो, हे आईला माहीत होतं, पण तिला म्हणून दाखवता येत नव्हतं. म्हणून आम्हाला मावशीचं तोंड हवं होतं.

मावशीला मी सांगितलं, “आईला घरचं बोलायचंय टॅबवर. तुला शब्द म्हणून दाखवावे लागतील.”

तिचा विश्वास बसेना. “आपलं बोलणं? ते कशाला शिकवायचं कुणाला? गाववाले गेले की जाईल तेही.” मग आईकडे पाहून म्हणाली, “तुला पाहिजे काय?” आईने मान डोलावली. मावशी पदराने तोंड पुसून खुर्चीत ताठ बसली, फोटो काढायला बसतात तशी.

आम्ही तीन बायका व्हरांड्यात बसायचो. आई शब्द टाईप करायची, मावशी तो म्हणायची, मी ऐकून नियम दुरुस्त करायचे, मग टॅब म्हणायचा. बरोबर असेल तर आई टेबलावर एकदा बोट आपटायची, चूक असेल तर दोनदा. मावशीला आधी लाज वाटायची, आवाज चोरून बोलायची. मग हळूहळू मोकळी झाली आणि एका शब्दाला चार जोडून द्यायला लागली. भातलावणीचे शब्द, लहान मुलाला रागवायचे शब्द, त्यांची आई कोंबड्यांना हाकलायची तो शब्द. हा शेवटचा ऐकल्यावर आईच्या घशातून जो आवाज आला तो हसण्याचा होता. आता तिचं हसणं आणि ठसकणं सारखंच ऐकू यायचं, पण मावशीला फरक कळायचा.

एकदा मी प्रार्थना घातली. टॅबने ‘येसू’चा ‘येहू’ केला आणि ‘मिस्सा’चं काहीतरी भलतंच. मावशीने कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. “देवाचं नाव तरी नीट घे म्हणावं.” त्यामुळे देवळातल्या शब्दांना हात लावायचा नाही असा वेगळा नियम करावा लागला. घरी देवाशी बोलतानाही ते शब्द पुस्तकातलेच राहतात हे मला इतकी वर्षं ऐकूनही लक्षात आलं नव्हतं.

आई मावशीशी टॅबवर बोलायला लागली. साधंच काहीतरी. “पानी घे.” “बांधाचं काम झालं काय?” मावशी पहिल्या दिवशी उत्तर द्यायच्या आधी जरा थांबायची, मग थांबेनाशी झाली.

याच सुमाराला लायब्ररीची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात आवाज कमी खरखरीत होता, वाक्यात श्वास घेतल्यासारखे थांबे होते. आईला ते आवडेल म्हणून मी ती घेतली. नवी आवृत्ती जुन्या फाईलींवर बसते आणि माझे नियम लायब्ररीच्याच फाईलीत होते. ते पुसले गेले. मूळ माझ्याकडे जपून ठेवलेलं होतं, पण टॅबवरचं गेलं होतं हे मला कळलं ते मावशी बसलेली असताना. ती आपल्या घराच्या कौलांबद्दल काही सांगत होती आणि आईने बटण दाबून उत्तर दिलं, तर मध्येच ती शाळेतली बाई बोलली, गोड, स्पष्ट आणि परकी. मावशी बोलता बोलता थांबली. आईने बटण पुन्हा दाबलं, पुन्हा तीच. मावशी म्हणाली, “राहू दे, बाय. दमली असशील.”

धंद्यात हे मी रोज दुसऱ्यांना सांगते, की दुसऱ्याच्या कोडच्या पोटात आपला कोड लिहू नये. तो बाहेर, वेगळा ठेवावा आणि दारातून आत पाठवावा. पण या लायब्ररीला तसं दारच नव्हतं. मग मी म्हटलं, आपली बोलीच लायब्ररीत रीतसर घालू. म्हणजे कुणी नवी आवृत्ती काढली तरी ती आतच राहील.

लायब्ररी सांभाळणारा माणूस परदेशातला होता, थंडीच्या देशातला, निवृत्त. पैसे न घेता, रोज थोडा वेळ बसून दुसऱ्यांचे बदल तपासायचा. मी माझा कोड पाठवला आणि सोबत बोलीची माहिती लिहिली. त्याचं उत्तर सभ्य आणि लांब होतं. या बोलीला प्रमाण संकेत आहे का, म्हणजे यंत्रं भाषा ओळखायला वापरतात ती अक्षरं? नव्हती. तिचं व्याकरण छापलेलं आहे का? मला माहीत नव्हतं. माझ्याखेरीज ती जाणणारं दुसरं कुणी हे नियम तपासून देईल का?

मी हे आईला मराठीत वाचून दाखवलं. शेवटच्या प्रश्नावर तिने टॅब ओढला. “मी तपासलं आहे. लिही त्याला. पहिली ते चौथी शिकवायचे.”

मी तसं लिहिलं. आई आजारी आहे आणि कशासाठी हे चाललं आहे तेही लिहिलं. तोपर्यंत लिहिलं नव्हतं. यावर बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग आलं ते नकाराचं. त्याने लिहिलं होतं की तुमच्या आईवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण मला स्वतःला जे तपासता येत नाही ते मी आत घेतलं तर पुढे मी किंवा माझ्यामागून येणारा माणूस त्यातली चूक ओळखू शकणार नाही. आणि तुम्ही दोघी नसाल तेव्हा ते कोण सांभाळील?

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. आईने मात्र पत्राचा अर्थ शांतपणे ऐकला. टॅब म्हणाला, “बरोबर आहे त्याचं. न तपासता मीही मार्क दिले नसते.”

पण पत्र तिथे संपत नव्हतं. खाली त्याने लिहिलं होतं की तुमची गरज खरी आहे आणि तशी गरज असलेले आणखी लोक असणार. मी लायब्ररीला एक दार करून देतो. अक्षरं आणि उच्चार यांच्या मध्ये, नेमकं तुम्ही घुसलात तिथे. ज्याला आपले नियम घालायचे आहेत त्याने ते बाहेर आपल्या फाईलीत ठेवावे, लायब्ररी ते वाचून घेईल. आवृत्ती बदलली तरी त्यांना धक्का लागणार नाही. फक्त त्या दाराची माहिती लिहायला मला एक उदाहरण द्या, जिथे एका नियमाचं फळ दुसऱ्या नियमाने खाल्लं जातं.

मी चार आणि सार दिलं. ते आजही त्या लायब्ररीच्या माहितीत आहे, आमच्या बोलीचं नाव न लिहिता.

दार तयार व्हायला वेळ लागला. आईची मान आता टिकत नव्हती, मानेला पट्टा होता. टाईप करायला एकच बोट उरलं होतं. पेज दाट करून चमच्याने भरवावी लागायची आणि तीही अर्धी बाहेर यायची. मी नियम वेगळ्या फाईलीत हलवले, दारातून जोडले आणि लायब्ररी मुद्दाम दोनदा पुसून पुन्हा बसवून पाहिली. नियम जागेवर होते.

मावशी आली तेव्हा पाऊस उघडून ऊन कडक झालं होतं, मागच्या वाडीत केळीची पानं फाटून लोंबत होती. आईने मला खुणेने टॅब समोर धरायला सांगितलं. तिला काय लिहायचं आहे ते मला कळलं आणि मी दुसरीकडे पाहत राहिले. एका बोटाने लिहायला तिला फार वेळ लागला. मावशी तिच्या पायाला तेल चोळत होती.

टॅब बोलला, “मला मशीन नको. मी घरातस मरनार.”

मावशीचे हात थांबले. तिने वर पाहिलं ते टॅबकडे नाही, आईच्या तोंडाकडे. आईचं तोंड हललं नव्हतं, पण डोळे तिच्यावरच होते. मावशी म्हणाली, “तुला भ्याव नाही वाटत?”

आईने पुन्हा टाईप केलं. “वाटतं. पण मशीनचं जास्ती वाटतं.”

मावशीने मान खाली घातली आणि पुन्हा तेल चोळायला लागली. ती रडत होती हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. मग नेहमीच्या आवाजात, आमच्या बोलीत, तिने आईला विचारलं की रात्री तिच्यापाशी कोण झोपतं. मी म्हटलं, मी. “आता मी झोपते,” मावशी म्हणाली. ती त्या दिवशी गावाला परत गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून तिचे कपडे आणि जपमाळ मागवून घेतली.

पुढचे आठवडे त्या दोघींचे होते. मी आतल्या खोलीत काम करायचे आणि व्हरांड्यातून एक खरा आवाज आणि एक पत्र्याचा आवाज ऐकू यायचा. काय बोलायच्या ते सगळं मी ऐकलं नाही. एकदा त्यांच्या आईबद्दल बोलत होत्या, एकदा कुठल्याशा जुन्या भांडणाबद्दल, ज्यात दोघींनाही चूक कुणाची हे आठवत नव्हतं. एकदा मावशीने मला हाक मारून विचारलं, “हे मशीन गातं काय?” गात नव्हतं. “बरं झालं,” मावशी म्हणाली, “बाय कधी सुरात गायली नाही.” आईने टेबलावर दोनदा बोट आपटलं.

मग ते बोटही गेलं. शेवटचे दिवस टॅब भिंतीशी टेकून होता. आई डोळ्यांनी हो-नाही सांगायची आणि मावशी बाकीचं बोलायची. एका दुपारी, मावशी मोठ्याने रोझरी म्हणत असताना, आईचा श्वास लांब लांब होत गेला आणि थांबला. मावशीने हातातला मणी तसाच धरून प्रार्थना पुरी केली. मग माझ्याकडे वळली.

अंत्यविधीला देवळात तिचे विद्यार्थी आले होते, काही केस पांढरे झालेले. पहिलं वाचन त्यांच्यातल्याच एकीने केलं.

आईच्या महिन्याची मिस्सा झाल्यावर मी त्या परदेशातल्या माणसाला कळवलं. त्याने लिहिलं की लायब्ररीला हातभार लावणाऱ्यांच्या नावांमध्ये आईचं नाव घालायचं आहे, कसं लिहू? मी देवनागरीत लिहून पाठवलं. त्या नावांमध्ये तोवर एकही देवनागरी नव्हतं; त्याने दोन अक्षरं उलटसुलट चिकटवली, मी सांगितल्यावर सुधारली.

मावशी अजून आमच्याकडेच होती. जायच्या आदल्या दिवशी भांडी आवरताना तिने विचारलं, “ते बोलणं आता कुठे आहे? बायचं?”

“एका फाईलीत आहे. लावलं तर अजून बोलेल.”

“नको लावू,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “ते शब्द माझ्या तोंडचे होते ना पण?”

“हो. सगळे तुझ्याच तोंडचे.”

“कोंबड्यांचा पन?”

“तोही.”

मावशीने पातेलं पालथं घातलं आणि हात पुसले. त्या शब्दाचा शेवट मी चुकीचा लिहून घेतला होता, असं ती म्हणाली. आईला तो कधी नीट म्हणता येत नव्हता, म्हणून तिने तो बरोबर समजून बोट एकदाच आपटलं होतं. मी लॅपटॉप आणला. मावशीने तो शब्द मला तीन-चारदा म्हणून दाखवला, मागच्या दाराकडे तोंड करून, जसा म्हणायचा असतो तसा मोठ्याने, आणि मी फाईल उघडून तो दुरुस्त केला.